तेलात विरघळलेले शंभर मिलिग्रॅम

जपानमध्ये 1974 साली कोएन्झाइम क्यू-10 औषध म्हणून मंजूर झाले. हृदयाची ताकद कमी पडू लागलेल्या रुग्णांना ते मूळ उपचारांच्या जोडीला द्यायचे होते, आणि त्याची मात्रा ठरली दिवसाला 30 मिलिग्रॅम : 10 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा. 2001 मध्ये तिथल्या सरकारने हाच पदार्थ आहारपूरक म्हणून विकायला परवानगी दिली. आज मेडिकलमध्ये किंवा ऑनलाइन याच नावाची पाकिटे पाहिली तर त्यांवर 100, 200, 400 असे आकडे दिसतात. मधल्या काळात माणसाचे शरीर काही बदललेले नाही. आकडे वाढण्यामागे थोडे संशोधन आहे, थोडी शोषणाची अडचण आहे आणि बराचसा ‘जितके जास्त तितके चांगले’ हा समज आहे. शिवाय ग्राहकासमोर आणखी एक पेच असतो : ‘युबिक्विनोन’ घ्यायचे की त्याहून महागडे ‘युबिक्विनॉल’? सगळी चर्चा बहुधा याच एका प्रश्नाभोवती फिरते. माझ्या मते हा प्रश्न तिसऱ्या क्रमांकाचा आहे. त्याच्या आधी दोन प्रश्न येतात. हे पूरक नेमके कशासाठी घ्यायचे आहे, आणि कॅप्सूलमधला पदार्थ तेलात खरोखर विरघळलेल्या अवस्थेत आहे का? या दोन्हींची उत्तरे मिळाली की मात्रेचा निर्णय बराचसा आपोआप होतो. ती मिळाली नाहीत, तर कोणताही आकडा सारखाच आंधळा.

आधी या रेणूचे काम पाहू. 1957 साली विस्कॉन्सिन विद्यापीठात फ्रेडरिक क्रेन यांनी गाय-बैलाच्या हृदयातील तंतुकणिकांमधून, म्हणजे मायटोकॉन्ड्रियामधून, एक पिवळा-नारिंगी पदार्थ वेगळा काढला. पुढच्याच वर्षी मर्क कंपनीतील कार्ल फोकर्स यांच्या गटाने त्याची रचना निश्चित केली. अन्नातून मिळालेली ऊर्जा पेशीला वापरता येईल अशा रूपात आणताना इलेक्ट्रॉन एका प्रथिनसमूहाकडून दुसऱ्याकडे न्यावे लागतात. तंतुकणिकेच्या आतल्या पडद्यात फिरत ही ने-आण करणारा वाहक म्हणजे क्यू-10. ही प्रक्रिया कशी चालते याचा उलगडा करण्यासाठी पीटर मिचेल यांना 1978 चे नोबेल पारितोषिक मिळाले. इलेक्ट्रॉन घेतला की हा रेणू युबिक्विनॉल होतो, दिला की पुन्हा युबिक्विनोन. म्हणजे दुकानात शेजारी शेजारी ठेवलेली दोन ‘उत्पादने’ शरीरात एकाच रेणूच्या दोन अवस्था आहेत आणि त्या सतत एकमेकींत बदलत असतात. निवडीचा विचार करताना ही गोष्ट सारखी ध्यानात ठेवावी लागते.

दुसरी महत्त्वाची गोष्ट म्हणजे क्यू-10 हे जीवनसत्त्व नाही. शरीर ते स्वतः बनवते. आहारातून दिवसाला साधारण 3 ते 6 मिलिग्रॅम मिळते. मांस, त्यातही काळीज आणि हृदय, तारली-बांगड्यासारखे तेलकट मासे, सोयाबीनचे तेल आणि शेंगदाणे हे त्याचे स्रोत. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत ते जेमतेम अडीच-तीन मिलिग्रॅम असते, म्हणजे एका 100 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलइतके मिळवायला साडेतीन किलोहून अधिक दाणे खावे लागतील. तेव्हा पूरक घेणे म्हणजे आहारातली कमतरता भरून काढणे, असे समजण्यात अर्थ नाही. पूरकाची मात्रा ही मुळातच औषधासारखी, आहाराच्या कितीतरी पट मोठी असते. त्यामुळे तिच्याकडे पुराव्याची मागणीही औषधाकडे करतो तशीच करायला हवी.

आता कॅप्सूलच्या आत पाहू. कोरडी भुकटी भरलेली टणक कॅप्सूल उघडून कागदावर रिकामी केली, तर केशरी-पिवळी पूड पडते. ती पाण्यात टाकून कितीही ढवळली तरी विरघळत नाही. वर तरंगते, भांड्याच्या कडांना चिकटते. ही पूड म्हणजे बारीक स्फटिक. क्यू-10 चा रेणू मोठा आहे, त्याला दहा घटकांची लांबलचक तेलकट शेपटी आहे, आणि हे रेणू एकमेकांना घट्ट धरून स्फटिक बनवतात. आतड्याचे अस्तर स्फटिक शोषू शकत नाही, त्याला सुटा रेणू लागतो. क्यू-10 चे स्फटिक वितळतात 48 अंश सेल्सिअसच्या आसपास आणि आपले शरीर असते 37 अंशांवर. थंडीत बाटलीत गोठलेले खोबरेल ऊब मिळाल्याशिवाय ओतता येत नाही, तसेच हे आहे. फरक इतकाच, की इथे बाटली गरम पाण्यात ठेवायची सोय पोटात नाही. म्हणून ते काम कारखान्यातच व्हावे लागते. तेलात क्यू-10 तापवून स्फटिक मोडायचे, आणि थंड झाल्यावर ते पुन्हा जुळणार नाहीत असे तेलांचे मिश्रण निवडायचे. चांगल्या सॉफ्टजेलची, म्हणजे तेल भरलेल्या मऊ कॅप्सूलची, किंमत बरीचशी याच कामाची असते.

हा फरक किती मोठा पडतो, ते स्पेनमधल्या सेविय येथील गिलेर्मो लोपेस-युच आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून दिसले. हा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी 14 निरोगी तरुणांना सात वेगवेगळ्या बनावटी एकेक करून दिल्या, दर वेळी एकच 100 मिलिग्रॅमची मात्रा, आणि दोन मात्रांमध्ये आधीचा परिणाम ओसरेल इतका अवधी ठेवला. कॅप्सूलमध्ये खरोखर 100 मिलिग्रॅम आहे की नाही, हेही आधी मोजून घेतले होते. आकडा सगळ्यांचा सारखा निघाला, पण रक्तात पोचलेले प्रमाण मात्र फार वेगवेगळे होते. सर्वांत चांगल्या शोषल्या गेलेल्या दोन बनावटी तेलातल्या सॉफ्टजेल होत्या, आणि त्यांतली एक युबिक्विनोनची होती, दुसरी युबिक्विनॉलची. सर्वोत्तम ठरलेल्या युबिक्विनोनच्या बनावटीतून स्फटिक मोडण्याची ती तापवण्याची पायरी तेवढी वगळली, तेव्हा शोषण सुमारे तीन-चतुर्थांशाने घटले. रेणू तोच, वजन तेच. बदलली ती फक्त त्याची भौतिक अवस्था. या एका तुलनेपुढे ‘नोन की नॉल’ हा वाद मला बराच लहान वाटतो. अभ्यासात आणखी एक गोष्ट ठळकपणे दिसली : एकाच बनावटीचा परिणाम माणसागणिक खूप बदलत होता. चौदा माणसे हा आकडा लहान आहे आणि एका मात्रेवरून महिनोन्‌महिन्यांचे चित्र कळत नाही, हे मान्य. पण स्फटिक शोषले जात नाहीत हे रसायनशास्त्राने आधीच सांगितले होते. प्रयोगाने त्याला माप दिले.

युबिक्विनॉलच्या बाजूने केले जाणारे युक्तिवाद मी टाळणार नाही, कारण त्यांना आधार आहे. अमेरिकेत लँग्सजोन दाम्पत्याने 2014 मध्ये 12 निरोगी व्यक्तींना दोन्ही रूपे प्रत्येकी चार आठवडे, दिवसाला 200 मिलिग्रॅम दिली. रक्तातील पातळी दर मिलिलिटरमागे 0.9 मायक्रोग्रॅमवरून युबिक्विनोनने 2.5 वर गेली आणि युबिक्विनॉलने 4.3 वर. फरक उघड आहे. पण त्यात युबिक्विनोन कोणत्या बनावटीत होते, हा प्रश्न सेवियच्या प्रयोगानंतर विचारावाच लागतो. साध्या बनावटीतल्या एका रूपाची तुलना उत्तम बनावटीतल्या दुसऱ्याशी केली, तर निकाल रूपाचा मानायचा की बनावटीचा, हे सांगता येत नाही. दुसरा युक्तिवाद असा, की उतारवयात शरीराला युबिक्विनोनचे युबिक्विनॉल करणे जमत नाही, म्हणून तयार रूपच द्यावे. हे ऐकायला पटते. प्रत्यक्षात रक्तात फिरणारे क्यू-10 नव्वद टक्क्यांहून अधिक युबिक्विनॉल रूपातच असते, पोटात काहीही गेलेले असो. हे रूपांतर आतड्याच्या पेशींत आणि पुढे होत राहते. वयस्क पुरुषांवरच्या एका छोट्या अभ्यासात युबिक्विनॉलने रक्तातील पातळी अधिक वाढवली, हे खरे. त्या अभ्यासात माणसे दहाच होती, आणि ऑक्सिडीकरणाचा ताण किंवा हृदयाशी संबंधित मापांत मात्र काही फरक पडला नाही. म्हणून मी असे म्हणेन : स्फटिक मोडून तेलात विरघळवलेले युबिक्विनोन मिळत असेल तर युबिक्विनॉलसाठी जास्त पैसे मोजण्याचे सबळ कारण नाही. कोरड्या भुकटीचे युबिक्विनोन आणि तेलातले युबिक्विनॉल एवढेच दोन पर्याय समोर असतील, तर युबिक्विनॉल घ्यावे. युबिक्विनॉल मुळात पांढुरके असते. हवा लागली की ऑक्सिडीकरणाने ते पिवळे-नारिंगी होऊ लागते. म्हणून त्याची कॅप्सूल फोडून किंवा डबीतून काढून ठेवून वापरू नये.

आपल्याकडच्या शाकाहारी वाचकांसाठी इथे एक व्यावहारिक अडचण आहे, आणि ती बहुधा कोणी सांगत नाही. सॉफ्टजेलचे कवच सहसा जिलेटिनचे, म्हणजे प्राण्यांच्या कातडी-हाडांतून काढलेले असते. त्यामुळे हिरव्या ठिपक्याचा आग्रह धरणारा माणूस नकळत कोरड्या भुकटीच्या टणक कॅप्सूलकडे वळतो आणि नेमके कमी शोषले जाणारे रूप घरी आणतो. स्टार्च किंवा समुद्री शेवाळापासून बनवलेल्या कवचाच्या शाकाहारी सॉफ्टजेलही मिळतात. त्या शोधाव्यात. भुकटीशिवाय इलाजच नसेल, तर ती रिकाम्यापोटी न घेता तेल-तूप असलेल्या जेवणाबरोबर घ्यावी. जेवणातल्या स्निग्धामुळे पित्त स्रवते आणि त्या पित्ताच्या साहाय्यानेच क्यू-10 चे रेणू आतड्याच्या अस्तरापर्यंत पोचतात. सॉफ्टजेललाही हेच लागू आहे. सकाळी नुसत्या चहाबरोबर घेतलेली महागडी कॅप्सूल बरीचशी वाया जाते.

मात्रेच्या बाबतीत पहिली लक्षात घ्यायची गोष्ट ही, की शोषण सरळ रेषेत वाढत नाही. दुप्पट घेतले म्हणून रक्तात दुप्पट पोचत नाही, कारण आतड्याची एका वेळी शोषून घेण्याची क्षमता मर्यादित आहे. 200 मिलिग्रॅम एकदम घेण्यापेक्षा 100-100 अशी दोनदा विभागून घेतल्यास रक्तातील पातळी अधिक वाढते, हे निरोगी पुरुषांवर पाहिले गेले आहे. या विभागणीचे कारण शोषणात आहे, शरीराबाहेर टाकले जाण्याच्या वेगात नाही. घेतलेल्या मात्रेचे रक्तातील अर्धायुष्य सुमारे 33 तास असते, म्हणजे एखादी वेळ चुकली तरी पातळी कोसळत नाही. यातूनच पुढची गोष्टही कळते. रोज घेत राहिल्यावर रक्तातली पातळी स्थिर व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. चार दिवसांत ‘तरतरी’ जाणवली असे कोणी सांगितले, तर ती क्यू-10 ची असण्याची शक्यता कमीच.

पण रक्तातील पातळी म्हणजे फायदा, हे गृहीत धरणे ही या विषयातली सर्वांत मोठी गफलत आहे. शोषणाची सगळी चर्चा रक्तापाशी थांबते, आणि आजार असतो हृदयाच्या, मेंदूच्या, स्नायूंच्या पेशींत. याचे सर्वांत बोलके उदाहरण स्टॅटिनचे. कोलेस्टेरॉल कमी करणारी ही औषधे यकृतातली जी रासायनिक वाट अडवतात, तीच वाट पुढे क्यू-10 कडेही जाते. म्हणून स्टॅटिन घेणाऱ्यांच्या रक्तात क्यू-10 कमी होते. (ते रक्तात कोलेस्टेरॉलच्याच कणांवर बसून फिरते, हेही घट दिसण्याचे एक कारण.) काहींचे स्नायू दुखतात. मग क्यू-10 दिले की दुखणे थांबेल, हा तर्क इतका सरळ आहे की बऱ्याच जणांना पुराव्याची गरजच वाटत नाही. अमेरिकेत 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत संशोधकांनी आधी हे पाहिले की दुखणे खरोखर स्टॅटिनमुळेच आहे का. तक्रार असलेल्यांना कोणती गोळी कधी हे न सांगता स्टॅटिन आणि प्लासिबो, म्हणजे औषध नसलेली तशीच दिसणारी गोळी, आळीपाळीने दिली. जेमतेम 36 टक्के लोकांचे दुखणे स्टॅटिनशी जोडता आले. त्यांतल्या सुमारे निम्म्यांना मग दिवसाला 600 मिलिग्रॅम युबिक्विनॉल दिले, बाकीच्यांना प्लासिबो. रक्तातील पातळी सुमारे चौपट झाली, आणि दुखणे तसेच राहिले. रूप महाग होते, मात्रा मोठी होती, शोषण उत्तम होते, तरी गुण आला नाही. इतर चाचण्यांचे निकाल एका दिशेचे नाहीत. त्या एकत्र करणाऱ्या पाहण्यांपैकी 2015 च्या एका पाहणीला फायदा दिसला नाही, 2018 च्या दुसरीला दिसला. यावरून स्टॅटिन घेणाऱ्याने डॉक्टरांच्या संमतीने काही आठवडे घेऊन पाहायला हरकत नाही. पण ‘पाहायला हरकत नाही’ आणि ‘घेतलेच पाहिजे’ यांत अंतर आहे. आणि स्नायू दुखतात म्हणून मनानेच स्टॅटिन बंद करून क्यू-10 वर राहणे हा हृदयविकाराच्या रुग्णासाठी थेट धोका आहे.

मोठ्या मात्रेवरची भिस्त पार्किन्सनच्या आजारात याहूनही स्पष्टपणे मोडली. 2002 मध्ये 80 रुग्णांवरच्या एका चाचणीत 300, 600 आणि 1200 मिलिग्रॅम अशा मात्रा तपासल्या, आणि 1200 वर आजाराची घसरण मंद झाल्यासारखी दिसली. मात्रा वाढवली तर परिणामही वाढेल, या आशेने पुढे 600 रुग्णांची चाचणी आखली गेली. त्यात 1200 आणि 2400 मिलिग्रॅम मात्रा होत्या. फायदा दिसण्याची शक्यताच उरली नाही म्हणून ती 2011 मध्ये मधेच थांबवली, आणि 2014 मध्ये निकाल छापून आला. आशेचा हा शेवट कटू होता, पण ही चाचणी झाली नसती तर आज हजारो कुटुंबे दरमहा या कॅप्सूलवर पैसे ओतत राहिली असती.

मग मात्रा ठरवायची कुठून? माझे उत्तर साधे आहे : ज्या कारणासाठी घ्यायचे, त्याच कारणावर जी चाचणी यशस्वी झाली, तिथून. हृदयाच्या कमजोरीसाठी क्यू-सिम्बायो ही चाचणी सर्वांत महत्त्वाची. कोपनहेगनच्या स्वेन ओगे मोर्टेन्सन यांच्या नेतृत्वाखाली युरोप, आशिया आणि ऑस्ट्रेलियातील केंद्रांत 420 रुग्णांना नेहमीच्या उपचारांबरोबर दोन वर्षे 100 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा किंवा प्लासिबो दिले. हृदयाशी संबंधित गंभीर घटना प्लासिबो गटात 26 टक्के रुग्णांना झाल्या, क्यू-10 गटात 15 टक्क्यांना. मृत्यू 18 टक्क्यांविरुद्ध 10 टक्के. आक्षेपही आहेत आणि ते योग्य आहेत. पहिल्या सोळा आठवड्यांत जे फरक अपेक्षित होते ते दिसले नाहीत, रुग्ण गोळा व्हायला बरीच वर्षे लागली, आणि हृदयरोगाची आजची काही प्रभावी औषधे तेव्हा नव्हती. म्हणून या आकड्यांवर सगळा भार टाकता येत नाही. तरी हृदयतज्ज्ञ एखाद्या रुग्णाला क्यू-10 देणार असेल, तर 300 मिलिग्रॅम, तीन भागांत, या मात्रेमागे निदान एक कारण आहे. अर्धशिशीसाठीही 2005 मधल्या 42 जणांच्या छोट्या चाचणीत 300 मिलिग्रॅमच, तीन भागांत, तीन महिने दिले होते. झटके निम्म्यावर आलेले रुग्ण क्यू-10 गटात सुमारे 48 टक्के होते, प्लासिबो गटात 14 टक्के. वंध्यत्वाच्या उपचारात, बीजकोशांचा प्रतिसाद कमी असलेल्या तरुण स्त्रियांना टेस्ट ट्यूब बेबीच्या आधी 60 दिवस 600 मिलिग्रॅम दिल्यावर बीजांची संख्या वाढल्याचे दिसले, पण बाळ जन्मण्याच्या प्रमाणात संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठोस फरक सिद्ध झाला नाही. बीज आणि बाळ यांतला हा फरक दवाखान्यात जोडप्याला स्पष्ट सांगितला गेला पाहिजे.

या मात्रा डोळ्यांसमोर ठेवून आपल्याकडच्या स्ट्रिपची मागची बाजू वाचावी. इथे क्यू-10 बऱ्याचदा एकटे येत नाही. एल-कार्निटिन, लायकोपिन, ओमेगा-3, जस्त, दोन-चार जीवनसत्त्वे यांच्या गर्दीत ते 30 किंवा 50 मिलिग्रॅम असते. पुढच्या बाजूला नाव मोठ्या अक्षरांत, मागे प्रमाण बारीक अक्षरांत, आणि कधी ते प्रमाण एका नव्हे तर दोन कॅप्सूलचे मिळून दिलेले. अशा मिश्रणात कोणत्या घटकाने गुण आला किंवा कोणत्याने त्रास झाला, हे कळायला मार्ग नाही. आहारपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटावर ‘औषधी वापरासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना कायद्याने छापावी लागते. ती छापलेली असतानाही तोंडी मात्र औषध म्हणूनच त्याची शिफारस होत असते.

वय झाले की हृदयातले क्यू-10 कमी होते, मग पन्नाशीनंतर सगळ्यांनीच का घेऊ नये, असा प्रश्न हमखास विचारला जातो. विशीच्या तुलनेत ऐंशीच्या आसपास हृदयातील प्रमाण निम्म्याहून खाली येते, हे खरे आहे. पण वयाबरोबर कमी होणारी प्रत्येक गोष्ट बाहेरून भरली की वय मागे सरकते, असे नाही. यावरचा सर्वांत आशादायक पुरावा स्वीडनचा आहे. 443 वृद्धांपैकी सुमारे निम्म्यांना चार वर्षे 200 मिलिग्रॅम क्यू-10 आणि 200 मायक्रोग्रॅम सेलेनियम दिले, बाकीच्यांना प्लासिबो, आणि पूरक घेणाऱ्यांत हृदयविकाराचे मृत्यू लक्षणीय कमी दिसले. मात्र ही दोघांची एकत्र चाचणी होती, आणि स्वीडनमधल्या लोकांच्या आहारात सेलेनियम मुळातच कमी असते. त्यातला क्यू-10 चा वाटा किती, हे त्या चाचणीतून वेगळे काढता येत नाही. निरोगी माणसासाठी ठरावीक मात्रा सांगणारा पुरावा माझ्या मते आज उपलब्ध नाही.

‘अपाय तर नाही ना, मग घेऊ द्या’ हे शेवटचे समर्थन. क्यू-10 तसे सुरक्षित आहे. दिवसाला 1200 मिलिग्रॅमपर्यंत गंभीर त्रास सहसा दिसत नाही. मळमळ, पोट बिघडणे, क्वचित झोप न लागणे, इतकेच. पण सुरक्षितता कोणासाठी, हेही पाहावे लागते. क्यू-10 ची रचना ‘के’ जीवनसत्त्वाशी मिळतीजुळती आहे, त्यामुळे रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉर्फरिनचा परिणाम त्याने कमी होऊ शकतो. कृत्रिम झडप बसवलेल्या रुग्णात त्याचा अर्थ रक्ताची गुठळी. असा रुग्ण क्यू-10 सुरू करणार असेल तर आधी डॉक्टरांना सांगणे, सुरू केल्यावर आणि बंद केल्यावरही रक्त गोठण्याची आयएनआर तपासणी लवकर करून घेणे, हे टाळता येणार नाही. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी आणि कर्करोगाचे उपचार चालू असलेल्यांनीही आपापल्या डॉक्टरांना विचारावे. बाकीच्यांनी सुरू करण्याआधी दोन गोष्टी लिहून ठेवाव्यात : नेमके काय बदलायला हवे आहे, आणि ते किती दिवसांनी मोजायचे. अर्धशिशी असेल तर महिन्यातले झटके, तीन महिन्यांनी. आकडा हलला नाही तर कॅप्सूल बंद. मात्रा वाढवून पुन्हा पाहण्यात अर्थ नाही, हे पार्किन्सनच्या सहाशे रुग्णांनी दाखवून दिले आहे.

याला एक अपवाद आहे, आणि तो वेगळाच ठेवला पाहिजे. काही बालकांत क्यू-10 बनवणाऱ्या जनुकांतच दोष असतो. शरीर हा रेणू पुरेसा बनवू शकत नाही, आणि मूत्रपिंड, मेंदू, स्नायू यांवर त्याचा आघात होतो. तिथे मात्रा शरीराच्या वजनावर ठरते, दर किलोमागे 5 ते 50 मिलिग्रॅम. म्हणजे दहा किलोच्या बाळाला एखाद्या प्रौढाच्या रोजच्या मात्रेपेक्षाही जास्त द्यावे लागू शकते. जनुकीय तपासणीतून निदान जितके लवकर, तितकी अवयव वाचण्याची शक्यता अधिक. एकदा झालेली हानी बहुधा भरून येत नाही. घरात आधीच्या मुलाला असा आजार झाला असेल, तर पुढच्या बाळाची तपासणी लक्षणांची वाट न पाहता करून घ्यावी.